भिंतीतला पाइप गळतोय, तर त्याचे पैसे भाडेकरूने का भरायचे?

वाचकाचं पत्र:

नमस्कार दादा, आम्ही डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके भाड्याने घेतलाय, दोन वर्षं होत आली, ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट असतं, भाडं १४ हजार आणि डिपॉझिट ५० हजार. बिल्डिंग पंचवीस-तीस वर्षं जुनी आहे. दिवाळीच्या सुमारास बाथरूमच्या बाहेरच्या बाजूला भिंतीला ओल दिसायला लागली म्हणून मी मालकांना फोन केला, ते नाशिकला असतात, म्हणाले बघू, आलो की बघतो. आता खालच्या काकांच्या बाथरूमच्या स्लॅबमधून टपटप पाणी पडतंय, रात्रीसुद्धा थांबत नाही, आणि सोसायटीने आमच्या दारावर नोटीस चिकटवली. प्लंबर म्हणतो टाइल्स फोडून आतली लाइन बदलावी लागेल, २८ हजार सांगितलेत. मालक म्हणतात वापरता तुम्ही तर खर्चही तुमचा, नाहीतर डिपॉझिटमधून कापेन. एजंट म्हणतो अॅग्रीमेंटमध्ये मेंटेनन्स तुमच्यावरच आहे. त्यात मिस्टरांनी बाथरूममध्ये रॅक लावायला दोन होल मारले होते, मालक आता तेच धरून बसलेत. मिस्टर वैतागून म्हणतायत भाडंच बंद करू. काय करायचं?
– एक भाडेकरू, डोंबिवली

ताई, आधी थेट उत्तर देतो, मग बाकीचं. तुम्ही जे लिहिलंय ते तसंच असेल तर भिंतीतली लाइन बदलायचा खर्च मालकांचा आहे, तुमचा नाही. आणि मिस्टरांना सांगा, राग अगदी समजण्यासारखा आहे पण भाडं एक महिनाही थांबवू नका, का ते खाली लिहितोच.

"वापरता तुम्ही तर भरा तुम्ही" हे वाक्य इतक्या घरमालकांच्या तोंडी असतं की भाडेकरूंनाही ते खरं वाटायला लागलंय. पण लीकेजमध्ये कोण राहतं हा प्रश्नच नसतो, पाणी कुठून येतंय आणि तिथून ते का यायला लागलं एवढे दोनच प्रश्न असतात. तुमच्या बिल्डिंगच्या वयाच्या इमारतींमध्ये कन्सील्ड लाइन, म्हणजे भिंतीत गाडलेली, बहुतेक जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपची असते, ती आतून गंजते, क्षार धरते, आणि एल्बोच्या म्हणजे वळणाच्या तुकड्याजवळ जिथे आटे पाडलेले असतात तिथे पाइपची जाडी आधीच कमी झालेली असल्यामुळे सगळ्यात पहिले तिथेच सुटते. हे व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, तुम्ही त्या घरात दोन वर्षं आहात, मग त्या पाइपचं म्हातारपण तुमच्या बिलात कसं काय येईल? तो पाइप म्हणजे घराचा भाग आहे, जसा स्लॅब आहे, भिंत आहे तसाच.

तुमच्या बाजूला काय येतं तेही स्पष्ट सांगतो, म्हणजे मालकांशी बोलताना तुम्ही सगळंच झटकताय असं त्यांना वाटायला नको. नळाचा वॉशर गेला, जेट स्प्रे गळतोय, फ्लश टँकमधलं फिटिंग बिघडलं आणि पाणी वाहतच राहतंय, बेसिनखालचा वेस्ट पाइप सुटला, फरशीतलं पाणी जातं त्या नहाणी ट्रॅपच्या जाळीत केस अडकून तुंबलं, हे रोजच्या वापरातलं आणि शे-पाचशेत होणारं काम, ते राहणाऱ्यानेच करावं, त्यासाठी नाशिकला फोन करायची गरज नाही. जिथे टाइल फोडावी लागते, स्लॅब उकरावा लागतो, वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं ते मालकाचं. अपवाद फक्त तुमच्या हातून झालेल्या नुकसानीचा.

ही वाटणी मी मनाने करत नाहीये. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्याच्या परिशिष्टात मालक आणि भाडेकरूची कामं वेगवेगळी लिहून दिलीत. स्ट्रक्चरल दुरुस्ती, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं आणि प्लंबिंग, आतलं-बाहेरचं वायरिंग हे मालकाकडे, आणि नळ-वॉशर, गटार साफ करणं, बेसिन, गीझर, स्विच-सॉकेट हे भाडेकरूकडे. फक्त हे लक्षात ठेवा की हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्यामुळे मालकांना तो यादी म्हणून दाखवा, कायद्याची धमकी म्हणून नको.

१९९९ च्या कायद्यात कलम १४ आहे. वेगळा करार नसेल तर घर राहण्यालायक दुरुस्तीत ठेवणं मालकाला बंधनकारक आहे असं ते सांगतं, आणि १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने काम केलं नाही तर भाडेकरूने ते स्वतः करून भाड्यातून खर्च वळता करावा अशीही सोय आहे, पण वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमच्या १४ हजारांच्या हिशोबाने ते ४२ हजार होतात, म्हणजे २८ हजार त्यात बसले असते. बसले असते म्हणतोय कारण इथे एक मोठी अडचण आहे जी एजंट कधीच सांगत नाहीत. तुमचं ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स आहे, त्यात कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नसता, लायसन्सी म्हणजे घर वापरायची फक्त परवानगी मिळालेले असता, आणि कलम १४ भाडेकरूबद्दल बोलतं. त्यामुळे त्याच्या भरवशावर स्वतःच पैसे कापून मोकळं होऊ नका, तुमचा खरा आधार म्हणजे तुमच्या हातातलं अॅग्रीमेंट.

तर ते काढा आणि आज रात्री शांतपणे वाचा. ऑनलाइन रजिस्टर होणाऱ्या बऱ्याच अॅग्रीमेंटमध्ये साधारण असं कलम असतं की लायसन्सीने घर आहे त्या स्थितीत ठेवावं, त्याच्याकडून काही नुकसान झालं तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करावं, नेहमीच्या वापरातली झीज वगळून. हे शेवटचे शब्द तुमच्या कामाचे आहेत, त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. गंजलेला पाइप ही झीजच आहे. आणि एजंट जे कलम दाखवतोय ते नीट बघा, बऱ्याचदा ते सोसायटीच्या महिन्याच्या मेंटेनन्स बिलाबद्दल असतं, ते कोण भरणार एवढंच त्यात असतं, त्याचा भिंतीतल्या लाइनशी काही संबंध नसतो. पण तुमच्या अॅग्रीमेंटमध्ये खरोखरच "सर्व प्रकारची दुरुस्ती, प्लंबिंगसह, लायसन्सीकडे" असं स्वच्छ लिहिलेलं असेल तर गोष्ट अवघड होते, मग भांडण्यापेक्षा वाटाघाटी कराव्या लागतील, ते मी लपवणार नाही.

अजून एक, तुमचं अॅग्रीमेंट रजिस्टर झालंय ना? नुसती नोटरी करून हातात दिलेलं नाही ना? कारण त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि रजिस्टर नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नाशिकला बसून डिपॉझिट कापतो म्हणणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं.

आता पाणी कुठून येतंय ते पक्कं करा, प्लंबरच्या एका वाक्यावर २८ हजारांचं काम कोणीच करू नये, मालकांनीही नाही. तुम्ही लिहिलंय की रात्रीसुद्धा टपटप थांबत नाही, ही खूप महत्त्वाची खूण आहे. नहाणी ट्रॅप किंवा टाइल्सच्या सांध्यातून गळत असेल तर आंघोळी, कपडे झाले की वाढतं आणि मग हळूहळू कमी होतं. दिवसरात्र एकसारखं पडतंय म्हणजे प्रेशरची लाइन असण्याची शक्यता जास्त. तपासायला सोपं आहे, रात्री झोपताना बाथरूमला येणारा व्हॉल्व बंद करा, वेगळा नसेल तर घराचाच बंद करा आणि दोन बादल्या भरून ठेवा, सकाळी खालच्या काकांना विचारा टपटप मंदावली का. लगेच बंद होणार नाही कारण स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो, म्हणून जमलं तर शनिवार-रविवार जास्त वेळ बंद ठेवून बघा. मग एकदा फक्त गीझरकडे जाणारा अँगल कॉक बंद करून बघा, त्याने फरक पडला तर गरम पाण्याची लाइन. आणि व्हॉल्व बंद करूनही काहीच फरक नसेल तर नहाणी ट्रॅपमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कापड गुंडाळून घट्ट कोंबा, फरशीवर बोटभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून रात्रभर ठेवा, खाली निळसर पाणी उतरलं तर प्रॉब्लेम फरशीच्या वॉटरप्रूफिंगचा आहे. चांगल्या प्लंबरकडे लाइनला प्रेशर देऊन बघायचा हातपंप असतो, तो लावून काटा उतरतो का बघितलं तर फोडाफोडीच्या आधीच कळतं. दोन वेगळ्या प्लंबरकडून लेखी कोटेशन घ्या आणि त्यात नेमकं काय खराब आहे ते एका ओळीत लिहून मागा.

रॅकच्या होलांचा मुद्दा घाबरून टाळू नका, उलट तुम्हीच तो तपासून पुढे ठेवा. प्रेशर असलेल्या लाइनला ड्रिल आरपार लागलं तर पाणी बहुतेक वेळा त्याच क्षणी होलातून बाहेर उडतं, ते सहसा सहा-आठ महिने दडून बसत नाही. रॅक कधी लावला ते आठवा, फोनच्या गॅलरीत ड्रिल चालू असतानाचा किंवा रॅक लावल्यानंतरचा एखादा फोटो नक्की असेल, रॅकची ऑनलाइन ऑर्डर असेल तर तारीख तिथेच मिळेल. मग टेप घेऊन होलपासून डायव्हर्टरपर्यंतचं, म्हणजे शॉवर-नळाच्या गरम-थंड पाण्याच्या कॉकपर्यंतचं अंतर मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. लाइन साधारण डायव्हर्टरवरून उभी शॉवरकडे आणि गीझरकडे जाते, होल समोरच्या भिंतीत असतील तर विषय संपला. पण होल नेमके त्या उभ्या रेषेत असतील आणि ओल त्यानंतर लगेच सुरू झाली असेल तर ताई, मग खर्चातला वाटा तुमचा येतो आणि तो नाकारू नका.

सोसायटीच्या नोटिशीने तुम्ही घाबरल्यासारख्या वाटताय. सोसायटीचा सभासद तुम्ही नाही, मालक आहेत, सोसायटीचा पत्रव्यवहार त्यांच्याशी व्हायला हवा, तुमच्या दारावर कागद चिकटवून कमिटीचं काम झालं असं होत नाही. मी स्वतः कमिटीत बरीच वर्षं काम केलंय आणि मला हे फार खटकतं, दारात जो सापडतो त्याच्यावर ओरडायचं आणि ज्याचं नाव शेअर सर्टिफिकेटवर आहे त्याला एक साधं पत्र पाठवायचं नाही. मालक तुम्हाला घर देतात म्हणून सोसायटी त्यांच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते ना, मग पत्रही त्यांनाच जाऊ दे. नोटिशीचा फोटो काढा, सेक्रेटरींना दोन ओळींचा अर्ज द्या की आम्ही भाड्याने राहतो, मालकांचा पत्ता हा, कृपया त्यांना नोटीस द्यावी आणि कमिटीने जागेची पाहणी करून तसं लिहून द्यावं. अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. त्या पाहणीत पाणी बाहेरच्या कॉमन पाइपमधून, ड्रेनेजच्या उभ्या लाइनमधून किंवा पावसामुळे बाहेरच्या भिंतीतून येतंय असं निघालं तर उपविधींप्रमाणे तो खर्च सोसायटीचाच असतो, मग तुम्ही आणि मालक दोघंही सुटलात. घराच्या आतलं असेल तर सभासदाचं, म्हणजे मालकांचं.

तुमची एकच गोष्ट कच्ची राहिलीये. दिवाळीत तुम्ही मालकांना फोन केला, पण फोन दिसत नाही कुठे. उद्या ते म्हणतील की यांनी मला सांगितलंच नाही, पाणी मुरू दिलं, म्हणून नुकसान वाढलं, आणि हा मुद्दा कोर्टातही चालण्यासारखा आहे. म्हणून आजच लिहा. कॉल हिस्टरीत तो कॉल अजून असेल तर स्क्रीनशॉट घ्या आणि व्हॉट्सॲपवर, शक्य असेल तर ईमेलवरही असं काहीतरी पाठवा:

"नमस्कार काका, बाथरूमच्या भिंतीला ओल आहे हे मी तुम्हाला दिवाळीच्या वेळी फोनवर कळवलं होतं. आता खालच्या फ्लॅटमध्ये सतत पाणी गळतंय, फोटो आणि सोसायटीची नोटीस सोबत पाठवतेय. प्लंबरच्या म्हणण्यानुसार भिंतीतली जुनी लाइन खराब झाली आहे, कोटेशनही जोडलंय. हे काम घराच्या मूळ प्लंबिंगचं असल्यामुळे ते तुम्ही करून घ्यावं ही विनंती. तुम्हाला येणं जमत नसेल तर तुमचा प्लंबर पाठवा, आम्ही घर उघडून देऊ. आम्ही काम करून घ्यावं असं तुम्हाला वाटत असेल तर खर्च पुढच्या भाड्यातून वळता करायला तुमची संमती इथेच लिहून द्या. नुकसान वाढू नये म्हणून कृपया १५ दिवसांत कळवा."

भाषा अशीच ठेवा, रागाचं एकही वाक्य नको, कारण हा मेसेज पुढे तिसरा माणूस वाचणार आहे असं धरून लिहायचं असतं. उत्तर आलं नाही तर हेच पत्र स्पीड पोस्टाने अॅग्रीमेंटवरच्या पत्त्यावर पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. मधल्या काळात त्या बाथरूमचा व्हॉल्व गरज नसेल तेव्हा बंद ठेवा, तेवढाच काकांना आराम.

भाडं का थांबवायचं नाही ते आता. आत्ता तुमची बाजू भक्कम आहे, चूक त्यांची आहे. ज्या दिवशी भाडं थकेल त्या दिवशी विषय लीकेजचा राहणार नाही, भाडं थकवणाऱ्या माणसाचा होईल, आणि अॅग्रीमेंटमध्ये भाडं थकलं तर लायसन्स रद्द करायचं कलम असतंच असतं. लायसन्स संपल्यावर घर सोडलं नाही तर मालक घर रिकामं करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात आणि १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट रक्कम लागू शकते. शेवटचे महिने "डिपॉझिटमधून वळते करा" हेही त्यांच्या लेखी होकाराशिवाय करू नका. भाडं नेहमीच्या तारखेला, बँकेतून, आणि रिमार्कमध्ये महिना लिहून.

मालक हो म्हणाले आणि काम तुम्ही करून घेतलंत तर एक गोष्ट अजिबात विसरू नका, टाइल्स फोडल्यावर आतला पाइप उघडा पडतो तेव्हा सिमेंट लागायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, ओला डाग, गंज, गळणारा जॉइंट सगळं दिसेल असं, आणि प्लंबरला सांगून कापलेला तुकडा मागून घ्या. तो भंगारात द्यायला बघेल, देऊ नका, पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. पाइप आतून कसा खाल्ला गेलाय हे त्या तुकड्यात जेवढं दिसतं तेवढं कुठल्याच पत्रात दिसत नाही. बिल मालकांच्या नावाने आणि फ्लॅट नंबर घालून घ्या.

खालच्या काकांचं पीओपी आणि रंगाचं नुकसान, तेही कारणाच्या मागे जातं, लाइन मालकांची तर भरपाईही मालकांनी द्यायची. पण त्यांच्याकडे तुम्ही दोघं जाऊन या. गेले कित्येक दिवस ते बादली लावून बसलेत, त्यांचा राग खरा आहे आणि तुम्ही त्यांच्या बाजूला उभ्या राहिलात तर मालकांना पत्र लिहिणारे तुम्ही आणि काका असे दोघं व्हाल. काकांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली तर मालकांना तुमच्या मेसेजपेक्षा ती जास्त जड जाईल.

मालकांना एक गोष्ट गोडीत सांगून बघा. घरभाड्याच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्समध्ये म्युन्सिपल टॅक्स वजा केल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला असो वा नसो. म्हणजे दुरुस्ती-देखभालीची सोय सरकारने त्यांच्या हिशोबात आधीच धरलीये. १४ हजारांच्या भाड्यावर वर्षाला १ लाख ६८ हजार, त्याचे ३० टक्के साधारण ५० हजार होतात. मुद्दा बऱ्याच मालकांना पटतो, कारण तो त्यांच्या भाषेतला असतो.

तरीही डिपॉझिट कापलंच तर गप्प बसू नका. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तुम्हाला ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, कल्याण कोर्टात तालुका समितीकडेही चौकशी करा, अर्ज तुमच्या नावाने करा म्हणून अॅग्रीमेंटवर तुमचं नाव आहे का तेही बघा. केस न टाकता आधी समेटासाठी लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, आणि २८ हजारांच्या वादात मालक नाशिकहून तारखांना येण्यापेक्षा तिथेच मिटवतात असं होण्याची शक्यता भरपूर आहे.

आणि तुम्ही तिथेच राहणार असाल तर पुढचं अॅग्रीमेंट रिन्यू करताना एजंटने टाइप केलेल्या ड्राफ्टवर अंगठा द्यायच्या आधी एवढं वाक्य घालून घ्या: "भिंतीतील व स्लॅबमधील पाण्याच्या व सांडपाण्याच्या लाइन, वॉटरप्रूफिंग आणि मुख्य वायरिंग यांची दुरुस्ती मालक करतील, नळ, वॉशर व वापरातील किरकोळ दुरुस्ती १,००० रुपयांपर्यंत लायसन्सी करतील, लायसन्सींनी लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत मालकांनी काम न केल्यास लायसन्सी ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतील." एजंट म्हणेल फॉरमॅट फिक्स आहे, बदलता येत नाही. ऑनलाइन ड्राफ्टमध्ये जास्तीच्या अटी टाकता येतात, त्याला टाकायला सांगा. आणि घरात राहायला आल्या दिवशीचे भिंतींचे, बाथरूमचे फोटो जुन्या फोनमध्ये असतील तर ते आजच शोधून दुसरीकडे सेव्ह करून ठेवा.